तिथी पाहून ये

ठाणे (पश्चिम),
दि. १२ एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मे महिन्यात मुलांना घेऊन चार दिवस येतोस, हे वाचून आनंद झाला. मात्र ठाण्याच्या घामात त्यांना दाखवायचे तरी काय, हा तुझा प्रश्न वाचून हसू आले. नागपूरच्या उन्हात वाढलेल्याने आमच्या घामाला नावे ठेवावीत, हे जरा अतीच झाले. येथील उन्हाळ्याची मौज सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर असते. मधला वेळ पंखा, पत्ते आणि आंब्यांच्या पाटीसाठी राखून ठेवावा.

एकच विनंती आहे. तिकीट काढताना रजेचा विचार नंतर कर, आधी तिथी पाहा. ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावरून वनखात्याची बोट रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला नेते, पण पाणी चढलेले असल्याशिवाय ती निघत नाही. गेल्या वर्षी भाच्यांना घेऊन मी षष्ठीला सकाळी दहा वाजता पोहोचलो, तेव्हा समोर नुसता चिखल होता आणि बोट त्यात स्वस्थ बसलेली होती. चूक सर्वस्वी माझीच, कारण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब मी विसरलो होतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. षष्ठीची भरती पहाटे साडेचारलाच होऊन गेलेली होती. एकादशीला ती सव्वाआठच्या सुमारास येते आणि द्वादशीला नऊच्या, म्हणजे मुलांना झोपेतून ओढून काढण्याचीही गरज नाही. भरती उतरू लागली की चिखल हळूहळू उघडा पडतो आणि तिवरांच्या कडेने थवेच्या थवे माना खाली घालून चरू लागतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातूनच येतो, हे तुझ्या धाकटीला आधी सांगू नकोस. तिला तेथेच विचारू दे. २०२२ साली या ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी निम्म्या ठाणेकरांना ती पुलावरून जाताना येणाऱ्या वासापुरतीच ठाऊक आहे. पाऊस तोंडावर आला की हे पाहुणे निघून जातात, म्हणून मे महिन्याचा शेवट गाठू नकोस.

दुसऱ्या दिवशी येऊर. उपवन तलावापासून वर चढत गेले की दहा मिनिटांतच शहराचा आवाज मागे पडतो. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग असल्याने बिबट्याचे नाव निघतेच. मुलांना तेवढे पुरे, प्रत्यक्ष भेट नकोच. रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसतात. तेथे घासाघीस करायची नाही, हा माझ्या घरचा नियम आहे.

सायंकाळी तलावपाळी : कोपिनेश्वराचे दर्शन, मसुंदा तलावात नौकाविहार, मग भेळ आणि कुल्फी. सकाळच्या न्याहारीला मामलेदार मिसळ आहेच, पण मुलांना मध्यम तिखटच मागव. वॉटर पार्क तुमच्याकडेही आहेत, त्यासाठी रात्रभर गाडीत बसून येऊ नये.

बोटीतील जागा आधी सांगून ठेवाव्या लागतात, तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर पाहून एकादशी गाठता येईल अशी तारीख ठरव आणि लगेच कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. टोप्या विसरू नका.

तुझाच,
ठाणेकर