एक हात बाहेर ठेवणारी गोधडी

ती. स्व. आक्कांना,
शि. सा. नमस्कार.

आभाराचा शब्द काढला की तुम्ही "परक्यावाणी काय बोलतीस" म्हणत उठून जाता. म्हणून हे पत्र लिहून, सगळ्यांना वाचता येईल असं पाठवते आहे. तुम्हाला ते माझी लेक वाचून दाखवील. पण ज्यांच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू आहे त्यांच्याही हाती ते पडावं अशी माझी फार इच्छा आहे. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे, फक्त कुणीतरी दाखवायला हवं.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा घरात माणसांची रीघ लागली. येणारा आधी विचारायचा, बीपी किती वर्षं होतं, गोळ्या वेळेवर घेत नव्हते का, आणि जाताना कुठल्यातरी काढ्याचं नाव सांगून जायचा. माणसं मायेनंच यायची, पण ती गेल्यावर हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. तुम्ही आलात, आईंच्या शेजारी टेकलात, परातीतली मेथी पुढं ओढलीत आणि निवडायला लागलात. आजाराबद्दल चकार शब्द काढला नाहीत. निघताना मला एवढंच म्हणालात, "रातचं जागरण हुतंय न्हवं? दुपारी माझ्याकडं येऊन पड घटकाभर. मी दार लोटून घेतीया." त्या काळात मला मिळालेली पहिली गाढ झोप तुमच्या खोलीतली आहे, आक्का. जाग आली तेव्हा अंगावर तुमची वाकळ होती आणि तुम्ही पलीकडं बसून दुसरी शिवत होतात.

आमच्या घरातली खरी ओढाताण तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलीत. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागत होता, त्यासाठी मी जन्मभर ऋणी राहीन. तरी रिक्षाभाडं, रक्ताच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधं यांत महिना कसा सरायचा ते कळायचं नाही. पण पैशापेक्षा मोठी चणचण होती ती धड बोलण्याची. आई ह्यांच्यासाठी एकामागून एक नवस बोलत होत्या आणि मी चमच्यानं मीठ मोजत होते. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, शहाळं नाही, केळं नाही, हे त्यांना पटत नव्हतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर बेततं, हे मी सांगत राहायचे. त्यांना मात्र दिसायचं ते एवढंच, की पोराच्या ताटातला कस मोरीत चाललाय. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींकडं पाठ करून वावरत होतो.

आणि ती थंडी. हे डायलिसिसहून आले की तासभर कुडकुडत असायचे. शरीरातलं रक्त नळ्यांतून बाहेर यंत्रात जाऊन परत येतं, त्यात ते थोडं निवतं. हिमोग्लोबिन कमी, खोलीत एसी चालू, आणि चार तास हलायचं नाही. घरून नेलेली रग जड व्हायची. शिवाय ज्या हातात सुया असतात तो हात पांघरुणाखाली जायचा, आणि तिथला तंत्रज्ञ मुलगा येऊन रग बाजूला करायचा. त्याचं बरोबरच होतं. पंप मिनिटाला साधारण 250 ते 300 मिली रक्त खेचत असतो, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. पांघरुणाखाली सुई निसटली आणि कुणाला दिसलीच नाही, तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. पण रग सरकवली की ह्यांचे दात वाजायला लागायचे.

हे मी तुम्हाला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या खेपेला माझ्याबरोबर रिक्षात बसलात. दाराच्या काचेतून बघितलंत, खाट केवढी, यंत्र कुठल्या बाजूला, नळ्या कुठून कशा जातात. तंत्रज्ञाला विचारलंत, "लेकरा, येवढा हात उघडा ठिवला तर चालंल न्हवं?" त्यानं दंडापासून बोटांपर्यंत हात दाखवला. तुम्ही तेवढं आपल्या पदरावर वितीनं मोजून घेतलंत.

घरी आल्यावर तुम्ही माझ्याकडं आला नाहीत, थेट आईंकडं गेलात. "वयनी, तुमची जुनी लुगडी काढा. सुती. मऊ झाल्याली." आईंनी ट्रंक उघडली. त्या ट्रंकेला मी लग्नापासून कधी हात लावला नव्हता. त्यातून दोन जुनी नऊवारी पातळं निघाली, एक हिरवं, एक डाळिंबी, धुऊन धुऊन हाताला सायीगत मऊ लागणारी. तळाला मामंजींची धोतरं होती. डाळिंबी पातळ ह्यांच्या बारशातलं, हे आईंनी तेव्हा सांगितलं. मला ते कधीच माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांना सांगावंसं वाटेल अशी वेळ आमच्यात आली नव्हती.

मग तुम्ही आम्हा दोघींना जमिनीवर समोरासमोर बसवलंत. खाली हिरवं, मध्ये धोतराचा एकच थर, वर डाळिंबी. जास्त थर घालायचे नाहीत, कारण दर खेपेला गरम पाण्यात धुवायची म्हणजे ती चटकन वाळायला हवी. चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, इस्त्री असं काय सापडेल ते ठेवून कापड ताणलं. आधी लांब लांब टाक्यांनी टाचून घेतलं, म्हणजे घोळ येत नाही. डाव्या बाजूला खांद्याखालून कमरेपर्यंतचा भाग कातरून काढला, म्हणजे छाती झाकलेली राहते आणि डावा हात पूर्ण मोकळा. कातरलेल्या कडेला दुहेरी पट्टी लावली. मग कडेनं धावदोरा सुरू, चौकटीच्या आत चौकट करत मध्यापर्यंत यायचं. आईंना सुईचं नाकं दिसत नाही, म्हणून लेक शाळेला जाण्याआधी सुया ओवून उशीच्या कडेला ओळीनं खोचून ठेवायची. तिचं दहावीचं वर्ष होतं, घरात तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. तेवढ्या कामासाठी ती रोज सकाळी आमच्यात येऊन बसायची आणि शाळेतलं काहीबाही सांगायची.

आई त्यांच्या कडेनं आणि मी माझ्या कडेनं शिवत येत होतो. पहिले दोन दिवस आम्ही दोऱ्याबद्दलच बोललो. तिसऱ्या दिवशी आईंनी मान वर न करता विचारलं, "भाजीचं पाणी वतून दिल्यावर त्यात फोडणीला काय घालतीस?" मी सांगितलं, लसूण, जिरं, थोडा लिंबाचा रस. म्हणाल्या, "उद्या मी करते." दुसऱ्या दिवशीची भाजी त्यांनी केली, उकळून, पाणी ओतून, बिनमिठाची. ह्यांनी ती मागून घेऊन खाल्ली. तुम्ही त्या वेळी समोर बसला होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, पण तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

गोधडी पुरी झाली त्या संध्याकाळी ह्यांनी तुम्हाला आपला हात दाखवला होता. मनगटाच्या वर धमनी आणि शीर जोडून केलेली फिस्टुला. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते, ती लागते म्हणजे रक्त नीट वाहतंय. आम्ही रोज सकाळी ती तपासतो, आणि खरं सांगायचं तर रोज धास्तीनंच तपासतो. तुम्ही दोन बोटं ठेवलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आगं बया, हितं तर वीणा वाजतीया." हे हसले. किती महिन्यांनी हसले ते आम्हा दोघींनाच माहीत. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी कुणीही ह्यांना विचारतं, "वीणा वाजतेय ना?" विचारणं तेच, पण त्यातली भीती गेली.

आता श्रद्धेबद्दल लिहिते, कारण तुमचं सगळ्यांत मोठं देणं ते आहे. मी देवाजवळ दिवा लावत होते, पण हात जोडले की डोळ्यांपुढं क्रिएटिनिनचे, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचे, आकडे यायचे. मागण्याखेरीज देवाशी काही बोलता येतं हे मी विसरूनच गेले होते, आणि मागून मागून थकले होते. तुमचं माहेर लोणंदच्या बाजूचं. नीरा ओलांडून माउलींची पालखी आली की तुमच्या अंगणात दिंडी उतरायची, तुम्ही परकरी पोर असताना वारकऱ्यांना पाणी द्यायला धावायचात, रात्री त्यांच्यासाठी वाकळा अंथरायचात. हे सांगताना तुम्ही म्हणाला होता, "देवाला मागत न्हाय बसायचं. त्येला सांगायचं, मी हितं बसलीया, तू बी बस जरा." तुमचा मुलगा गेला, मालक गेले, तुम्ही एका खोलीत वाकळा शिवून पोट भरता. तुमच्या तोंडून हे ऐकलं म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं. कुणा सुखी माणसानं सांगितलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं.

आषाढीचं आठवतं? ह्यांनी लहानपणापासून धरलेली एकादशी. आणि उपवासाला घरात जे जे करतात, बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळी, ते सगळं पोटॅशियमनं भरलेलं, ह्यांना वर्ज्य. आई दोन दिवस आधीपासून डोळे पुसत होत्या की पोराची एकादशी मोडणार. मी काय बोलणार, मी बोलले असते तर ते नर्सबाईचं बोलणं झालं असतं. तुम्ही आईंच्या हातात ह्यांची पाण्याची बाटली दिलीत. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, चहा, आमटी सगळं त्यातच धरायचं, आणि बाटलीवर पेनानं खुणा केल्यात. तुम्ही म्हणालात, "वयनी, ही बघा. ह्यो रोज तहान मारतोय. इट्टलाला ह्येच्यापरीस कडक एकादशी कुणाची दिसत असंल?" आईंनी ती बाटली पांडुरंगापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि ह्यांना भात, साधं वरण वाढलं. त्या दिवसानंतर आईंनी नवा नवस बोललेला मी ऐकला नाही. जुने त्यांनी फेडले, तेही ह्यांचा हात धरून, घरच्या घरी.

चमत्कार काही झाला नाही, आक्का, हे तुम्हालाही माहीत आहे. यंत्र चालूच आहे. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडं नाव नोंदवलंय, यादी लांब आहे. मला साखर असल्यानं माझी किडनी चालणार नाही म्हणाले. आठवड्यातून दोनदा रिक्षा दारात येते. कधी बीपी उतरतं, कधी पायात गोळे येतात, कधी हे दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. पण ते परत आल्यावर कुडकुडत नाहीत. माझे हात रिकामे नसतात. आणि रात्री देवापाशी बसले की मला आता तिथं बसता येतं.

तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. ती गोधडी बघून बाहेरच्या बाकावरच्या बायका विचारायला लागल्या, कुठं मिळते, केवढ्याला. तुमचा तर हा धंदा आहे, चार पैसे झाले असते. तुम्ही सरळ सांगितलंत, "इकत न्हाय. घरची कापडं घिऊन या, मी दावते." आणि पुढच्या गुरुवारी सुया, रीळ, कात्री पिशवीत घेऊन आलात. चार चार तास दाराकडं बघत बसणारी माणसं मांडीवर कापड घेऊन बसली. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर बायकोसाठी शिवायला बसले. त्यांना टाका जमेना, कापड गोळा व्हायचं. तुम्ही उसवून पुन्हा पुन्हा दाखवलंत, आणि आज त्यांचा धावदोरा माझ्यापेक्षा सरळ येतो. शिवता शिवता कुणाला कुठं औषध स्वस्त मिळतं ते कळलं, कुणाच्या योजनेचे कागद अडले होते ते दुसऱ्यानं मार्गी लावले. त्या बाकावर पूर्वी कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला अशी गोधडी करायची असेल, तर कापड सुती आणि जुनंच घ्या, नवं टोचतं. फिस्टुला कुठल्या हाताला आहे ते बघून कातरा, आणि कातरण्याआधी डायलिसिसच्या तंत्रज्ञाला किंवा नर्सना एकदा विचारा. दोन करा, एक वाळत असताना दुसरी लागते. शक्य असेल तर पेशंटच्या आईच्या किंवा बायकोच्या लुगड्यातूनच करा. त्याचं कारण मला शब्दांत सांगता येत नाही, पण हे सुया टोचताना त्या डाळिंबी काठाला धरून असतात, हे मी काचेतून बघितलंय.

आक्का, ह्या आषाढात पालखी लोणंदला यायच्या वेळी तुम्ही माहेरी जाल. आई यंदा तुमच्याबरोबर यायचं म्हणतायत, विचारायला संकोचतात. त्यांना घेऊन जा. इथली काळजी करू नका, मी आणि लेक मिळून बघतो. दिंडीतल्या बायकांसाठी शिवलेल्या वाकळा मी उन्हं दाखवून गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत. सुयांची पिशवी आणि पांढरं रीळ मात्र माझ्याकडं ठेवून जा, गुरुवारी बाकावर लागेल.

तुमची,
समोरच्या दारची सूनबाई
सातारा