भास्कर, तुझा अर्धाच रिपोर्ट आलाय

औसा, जि. लातूर
येळवशीनंतरचा चौथा दिवस

प्रिय भास्कर,

येळवशीला शेतात जेवायला आला नाहीस लेका. तुझ्या वाटणीची आंबील पोरांनी संपवली. मला एकच पेला मिळाला, तोही बायकोच्या डोळ्यादेखत. मिठावर तिचा पहारा आहे. लोणच्याची बरणी कुठं लपवलीय, अजून सापडली नाही.

परवा फोनवर म्हणालास, ‘क्रिएटिनिन १.० आहे, किडनी ठणठणीत.’ मीही इथंच फसलो होतो. किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन. माझं १.१ होतं. लघवीला फेस यायचा, तर मी संडासच्या नव्या भांड्याला दोष देत बसलो. शेवटी साखरेच्या डॉक्टरांनी सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर तपासणी लिहून दिली. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीवाटे किती जातंय, ते तिच्यात कळतं. ३० च्या आत पाहिजे, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. माझं निघालं ६४०. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तरी सहाशेच्याच घरात.

टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.३! गोळीनंच किडनी खाल्ली म्हणून मी ती गुपचूप सोडून दिली. डॉक्टर असे खवळले की विचारू नकोस! मग शांत होऊन म्हणाले, ‘शेतात ठिबक आहे ना तुमच्या? मोटारीचा दाब जास्त झाला की जॉइंट गळतात. दाब उतरवला की गळणं कमी होतं, पण पाणीही थोडं कमी पडतं. किडनीच्या गाळणीचं तसंच. सुरुवातीला क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर आम्ही गोळी सोडत नाही, पोटॅशियमवर लक्ष ठेवतो.’ एवढी वर्षं ठिबक वापरतोय, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

गोळी परत चालू केली, पुढं डापाग्लिफ्लोझिन या साखरेच्या, किडनीही जपणाऱ्या गोळीची भर पडली. सहा महिन्यांनी आकडा २९०. मी पेढे वाटले. पुढच्या खेपेला ५२०! दोन रात्री डोळा लागला नाही. नंतर उमगलं, तापातून उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डबी देऊन आलो होतो. पंधरा दिवसांनी ३१०. ताप, लघवीतलं इन्फेक्शन, आदल्या दिवशीची अंगमेहनत, कशानंही हा आकडा उसळतो. म्हणजे ते पेढेही जरा घाईचेच.

तुझी साखर नऊ वर्षांची. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणतोस. त्यातल्या बऱ्याच किडनीला बाधतात. पाकीट डॉक्टरांना दाखव.

रविवारी मुक्कामाला येतोय. सोमवारी उठल्याबरोबरची लघवी डबीत धर, लॅबला मी गाडीवर नेऊन देतो. रविवारी शेतात कुदळ धरायची नाही. हुरडा तेवढा ठेव. माझा चटणीशिवाय, वहिनींना आधीच सांगून ठेव.

तुझा,
दिगंबर