रविवारी ऑपेरा हाऊस: आठवण

सभासदहो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता चर्नी रोड स्टेशनबाहेर पूर्वेला जमायचं आहे. कार्यक्रम ६ला आहे, पण लवकर पोहोचलो तर वास्तू नीट पाहता येईल.

मुंबईत 'ऑपेरा हाऊस' म्हणजे आख्खा परिसर. टॅक्सीवाल्यांनाही तेवढंच पुरतं. प्रत्यक्ष थिएटरचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, तेव्हा बांधकामही पुरं झालेलं नव्हतं! नावात ऑपेरा असला तरी पुढे इथे बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. मग सिनेमाचे दिवस आले आणि रंगमंचाचं चित्रपटगृह झालं. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. १९९३ साली कुलूप लागलं, ते दोन दशकांहून जास्त काळ. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६मध्ये पडदा पुन्हा वर गेला. आता मैफल, नाटक, सिनेमा सगळंच चालतं, आणि माझ्या मते तेच बरं. नुसतं जपून ठेवलेलं थिएटर हे संग्रहालयच.

आत गेल्यावर आधी मान वर करून घुमट बघा. झुंबरांखाली सेल्फीसाठी गर्दी नको.

तिकीट मोबाइलवर डाउनलोड करून ठेवा. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, प्रतीक्षा यादीत मंडळी आहेत.

– सचिव