अलंकारांचा तक्ता आणि कोयरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या परीक्षा पुरवणीत बारावीच्या इंग्रजीसाठी 'फिगर्स ऑफ स्पीच'चा तक्ता आला होता. डावीकडे नाव, मधे व्याख्या, उजवीकडे कवितेची एक ओळ. माझ्या क्लासमधल्या निम्म्या मुलांनी तो कापून वहीत चिकटवला आहे, तेव्हा तक्रारीआधी आभार. तक्रार अशी, की त्यात अतिशयोक्तीच्या इंग्रजी नावाचे, 'हायपर्बली'चे, 'हायपरबोल' झाले आहे. एरवी सोडून दिले असते. पण तो उच्चार ऐकून सायन्सचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हायपरबोला अकरावीला मॅथ्समध्ये झाला ना? आता इंग्रजीत परत कशाला?"

वर्ग हसला. मला मात्र त्याला शाबासकी द्यावीशी वाटली, कारण दोन्ही शब्द मुळात एकच आहेत.

शंकू तिरका कापला की जे वक्र मिळतात, त्यांना पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला ही नावे पर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने दिली, इ.स.पू. 200च्या सुमारास. वक्रावरच्या बिंदूपासून अक्षापर्यंत रेषा काढायची, त्या रेषेवरचा चौरस एका ठरलेल्या आयताशी ताडून पाहायचा. नेमका भरला तर पॅराबोला, उणा पडला तर इलिप्स, वरचढ ठरला तर हायपरबोला. आता बोलण्याकडे या. खऱ्यापेक्षा वाढवून सांगितले की हायपर्बली. वाक्यातला शब्द गाळून जागा उणी ठेवली की इलिप्सिस, म्हणजे ज्याची तीन टिंबे आपण सगळे व्हॉट्सॲपवर उधळत असतो. आणि मुद्द्याच्या शेजारी एक गोष्ट आणून ठेवली की पॅरेबल. पॅराबोलाचा मूळ अर्थच 'शेजारी ठेवणे'. येशूच्या त्या गोष्टी आणि आपल्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत, जात एकच.

फळ्यावर तीन वक्र काढून त्यांच्याखाली हे तीन अलंकार लिहिले, तेव्हा ज्या मुलीला आठवडाभर व्याख्या पाठ होत नव्हती ती म्हणाली, "म्हणजे मापात, मापाला कमी आणि मापाबाहेर." यापेक्षा चांगली व्याख्या मला गाइडमध्ये सापडलेली नाही.

मराठीत हे नाते दिसत नाही, हीच अडचण आहे. आपण गणितात अन्वस्त, विवृत्त, अपास्त म्हणतो आणि व्याकरणात दृष्टांत, अध्याहार, अतिशयोक्ती. शब्द उत्तम आहेत, पण दोन घरांचे एकमेकांकडे जाणे-येणे नाही. त्यामुळे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजी शब्द फोडून दाखवला नाही, तर त्याच्यापुढे पाठांतराखेरीज काही उरत नाही.

खुद्द 'फिगर' शब्दच घ्या. मुलांना तो ठाऊक असतो जिमच्या पाटीवरून. पण इंग्रजीत आकडा फिगर, पुस्तकातली आकृती फिगर, माणसाचा बांधाही फिगर, आणि अलंकारही तोच. मागे लॅटिनचा जो धातू आहे त्याचा अर्थ मातीला आकार देणे. 'फिक्शन' त्याच मातीतले. शब्द नेहमीच्या अर्थापासून वळवून वापरला की इंग्रजीत 'ट्रोप', त्याचा मूळ अर्थ वळण. संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीला काव्याचा प्राण मानले आणि आपल्या घरातल्या बायका 'आडवळणाने बोलू नकोस' म्हणतात, तेव्हा हे वळण आपल्याला नवे नाही. 'एक्सेन्ट्रिक' म्हणजे मध्यापासून सरकलेला. आपण त्याला चक्रम म्हणतो. चाक तिथेही आहेच. (आपल्या पहिल्या पानावर दर आठवड्याला 'राजकीय वर्तुळात खळबळ' असते. ते वर्तुळ इंग्रजीतून आले आहे, हेही एकदा मुलांना सांगायला हरकत नाही.)

नक्षीच्या शब्दांचे तर विचारूच नका. मी राहते येवल्यात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी पैठणीचा माग आहे. ऑनलाइन विक्रीसाठी इंग्रजीत माहिती लिहायची होती, म्हणून तिने मला घरी बोलावले. पदर मागावर अर्धा विणून झालेला, रंगीत रेशमाच्या कांड्या ओळीने लोंबकळत होत्या. तिने मोराला 'पीकॉक मोटिफ' लिहिले, कमळाला 'लोटस', आणि मग एका बुट्टीवर अडली. मोबाइलने सांगितले, 'पेस्ली'. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला इतक्या काढल्या, की इंग्रजीत त्या नक्षीला गावाचेच नाव चिकटले. आपल्याकडे गावाचा प्रश्नच नव्हता. झाडावरच्या बाळकैरीचे नाव नक्षीला मिळाले आणि तेच हळदीकुंकवाच्या त्या आकाराच्या करंड्यालाही. एका वस्तूचे नाव दुसरीला लागले, हाही अलंकारच की. तक्त्यात त्याचे नाव 'मेटफर' आणि पुढे दोन ओळींची व्याख्या.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापाल, तर त्यात चौथा रकाना घाला: हा शब्द आला कुठून. जागा कमी पडत असेल तर व्याख्येचा रकाना काढा, तो सगळ्या गाइडांत आहे. आणि 'हायपर्बली' तेवढे दुरुस्त करा.

त्या मुलीची आई माग थांबवून आमचे बोलणे ऐकत होती. "पेस्ली म्हणजे काय गं?" तिने विचारले. मुलीने पदरावर बोट ठेवले. "अगं, कोयरी," आई म्हणाली, "मग तसं लिही की." तिने तसेच लिहिले. साडीच्या माहितीत आता इंग्रजी लिपीत 'कोयरी' आहे.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका, येवला