ऑइल कुठून गळतंय ते आधी बघा, मग इंजिन बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की आमच्या जुन्नर तालुक्यात गॅरेजांपुढे पिकअप गाड्यांची रांग लागते. माल रानात पिकलेला असतो, गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही. नेमक्या त्या घाईत शेतकऱ्याला सांगितलं जातं, ‘इंजिन गेलंय, बदलून टाका.’ गेल्या वर्षी ही वेळ आमच्यावर आली. आमचे पैसे वाचले, पण ओळखीतल्या दोन घरांचे नाही वाचले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमची डिझेल पिकअप ११ वर्षांची, २ लाख ३८ हजार किलोमीटर पळालेली. आठवड्यातून तीनदा ओतूरहून माळशेज घाट उतरून कल्याणला मेथी-कोथिंबीर जाते आणि हंगामात रोज नारायणगावला टोमॅटोचे क्रेट. गाडी दीर चालवतात, हिशेबाची वही माझ्याकडे. ऑइल गळतंय हे मला आधी वहीत दिसलं. मे महिन्यात वरून टाकलेलं ऑइल एक लिटर, जूनमध्ये दोन, आणि आषाढ लागला तेव्हा दर आठवड्याला एक लिटर. लिटरला ३५० रुपये धरले तरी वर्षाला १८ हजार मातीत जाणार होते. रात्री गाडीखाली बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्याच्या बरोबर खाली तळहाताएवढा काळा डाग.

भाऊजी गाडी एका गॅरेजात घेऊन गेले, मीही सोबत होते. फिटरने खाली वाकून बॅटरी मारली, पाच मिनिटंही पाहिलं नसेल. ‘मागचं ऑइल सील गेलंय, क्रँकही खाल्ला असणार. इंजिन उघडलं तर ५५ हजारांच्या आत काम होणार नाही. त्यापेक्षा कुर्ल्याहून जुनं चालू इंजिन आणतो, ७८ हजारांत गाडी रस्त्यावर.’ (क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि तो मागे जिथून बाहेर येतो तिथली ऑइल अडवणारी रबरी कडी म्हणजे मागचं सील.) इसार २० हजार मागितला. तो आम्ही सोसायटीच्या पीककर्जातून देणार होतो. दलालाने त्याच महिन्यात अख्ख्या गाडीची किंमत १ लाख ९० हजार सांगितली होती, हे डोक्यात होतंच. मी एवढंच विचारलं, ‘ऑइल नक्की कुठून येतंय?’ उत्तर आलं, ‘ताई, सगळीकडूनच येतंय.’

हे उत्तर मला पटलं नाही. पाइपलाइन फुटली की अख्खं वावर ओलं होतं, पण फुटलेली जागा एकच असते. ती सापडेपर्यंत कुणी नवी पाइपलाइन टाकत नाही. भाऊजींना राग आला, दोन दिवस बोलले नाहीत, पण इसार आम्ही दिला नाही.

मग आळेफाट्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जे केलं ते मी स्टुलावर बसून पूर्ण पाहिलं, आणि ते वाचकांनी नीट वाचावं असं मला वाटतं. आधी डिझेल आणि ब्रशने इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं, हवा मारून कोरडं केलं. मग घरातली असते तशी टाल्कम पावडर त्यांनी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेने, चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या भांड्याच्या) जोडावर, ऑइल फिल्टरच्या बुडाशी आणि मागे बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथल्या कवचावर) भुरभुरली. इंजिन पांढरं झालं. ‘आता नाशिक हायवेने बोट्यापर्यंत जाऊन या.’ आम्ही परत आलो तेव्हा चेंबरचा जोड पांढराच होता, फिल्टर पांढरा होता. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र पावडर भिजून काळी झाली होती आणि तिथून करंगळीएवढी ओली रेघ इंजिनच्या पाठीवरून खाली बेल हाउसिंगपर्यंत उतरली होती. ऑइल गळत होतं वर आणि ठिपकत होतं खाली. पुठ्ठ्यावरचा डाग म्हणूनच मागच्या सीलसारखा दिसला.

मिस्त्री तिथेच थांबले नाहीत. कव्हरखालचं पॅकिंग एकाएकी का सुटलं, हे त्यांना बघायचं होतं. ब्रीदरचा पाइप काढला तर आत काजळीचा काळा चिकटा बसलेला, फुंकर आरपार जाईना. इंजिन चालताना थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतोच. त्याला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि तो ऑइलला पॅकिंगमधून, सीलमधून बाहेर ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर दोन महिन्यांत पुन्हा गळलं असतं.

तरी मी विचारलं, इंजिनात दम आहे का? त्यांनी नोझल काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचं गेज लावलं. चारही सिलिंडर २६ ते २८ बारच्या दरम्यान. ‘वहिनी, हे इंजिन अजून चालेल,’ असं म्हणाले आणि आकडे माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिले. पॅकिंग ३८०, ब्रीदर पाइप २४०, गेज लावण्यासह मजुरी २,१००, नवं ऑइल आणि फिल्टर २,९५०. एकूण ५,६७० रुपये. तेव्हापासून वर्ष झालं. गाडी त्याच इंजिनावर माळशेज चढते-उतरते आणि दोन ऑइल बदलांच्या मधे वरून अर्धा लिटरही टाकावं लागत नाही.

मागचं सील खरंच गेलं असतं तर? तेही मी विचारलं. तेव्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता, सील बदललं असतं, त्याच खटाटोपात क्लचप्लेट बघून घेतली असती. काम दिवसाचं, इंजिन जागेवरच. आणि जे जुनं इंजिन आणून बसवणार होते, त्यालाही रबराचीच सीलं असतात. ते किती महिने कोरडं पडून होतं, त्याच्या आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं का, हे आपल्याला कोण सांगणार? आपल्या इंजिनाचा इतिहास निदान आपल्या वहीत असतो.

इंजिन कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. माझ्या भावाच्या टेम्पोचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. तिथे दुसरा इलाज नव्हता. चालू इंजिनाचं ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर धूर फसफसून येत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, गेजवर दाब पडलेला असेल, तर ऑइल फक्त गळत नाही, जळतंही आहे. तेव्हा बोअर-पिस्टनचं काम करायचं की इंजिन बदलायचं, हा हिशेब जरूर मांडावा. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग आहे, गाडी आणखी किती वर्षं ठेवायची हेही त्यात धरावं.

पण भावाचं पुढे जे झालं ते कुणी सांगत नाही. इंजिन बदललं, गाडी सुरू झाली, सगळे खूश. इंजिनाचा नंबर आरसी बुकात आणि विम्यात असतो, तो बदलून घ्यायचा हे गॅरेजवाल्याने सांगितलं नाही आणि भावाला सुचलं नाही. पुढे गाडी पलटी झाली. सर्व्हेअरने इंजिनवरचा नंबर टिपला, तो कागदाशी जुळेना. दावा आठ महिने अडकून पडला. इंजिन ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागितले, ते त्याच्याकडे नव्हते. पक्कं बिलही नव्हतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये हे स्पष्ट आहे. मंजुरी न घेता इंजिन बदललं तर मालकाने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घ्यायची. परक्या इंजिनाचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो.

राहता राहिला तिसरा मार्ग, जो बहुतेक जण धरतात. गळतंय ना, गळू दे, वरून टाकत राहू. एक दिवस डिपस्टिक बघायची राहते, घाटात बेरिंग पकडतं आणि चार-पाच हजारांचं काम खरोखरच इंजिन बदलण्यावर जातं. शिवाय पावसात माळशेजच्या वळणावर ते ऑइल पसरतं तेव्हा मागून दुचाकीवर लेकरांना घेऊन येणारं कुणीतरी असतं. आमच्याही गाडीने दोन-तीन महिने तो रस्ता घाण केला, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. गॅरेजवाल्यांनी इंजिन उतरवण्याआधी गळतीची जागा आणि गेजचे आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यावा. बाजार समित्यांनी हंगामाआधी आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडच्या मुलांना आणि शिक्षकांना बोलावून आवारातच गाड्या तपासण्याचे दोन दिवस ठेवावेत. मुलांचा हात बसेल, शेतकऱ्याला खरं काय ते कळेल. आणि इंजिन बदलल्यावर नोंद कशी करायची, कोणते कागद लागतात, हे आरटीओने साध्या मराठीत फलकावर लावावं.

आमच्या टॅपेट कव्हरचं जुनं पॅकिंग मी जपून ठेवलं आहे. वाकवायला गेले तर काडीसारखं मोडलं, त्याचे दोन तुकडे वहीत चिकटवलेत. शेजारीपाजारी कुणी इंजिन बदलायचं म्हटलं की आधी ते पान दाखवते आणि आळेफाट्याला पाठवते.

आपली,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी,
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे