ते निशाण १८१८ चे नव्हे

संपादक महोदय,

शहरातील एका कुटुंबाच्या ट्रंकेत सापडलेल्या लष्करी निशाणाचे छायाचित्र आपण नुकतेच छापले आणि ते १८१८ च्या सोलापूरच्या लढाईतील असल्याचे खाली म्हटले. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्रज जनरल मन्रोच्या फौजेने आपला भुईकोट किल्ला घेतला हे खरे; परंतु छायाचित्र भिंगाखाली धरले की हा दावा टिकत नाही.

कापडाच्या मधोमध दोरीने टांगलेले वळणदार शिंग, त्यावर मुकुट आणि खाली ५ हा आकडा जरीच्या भरतकामात स्पष्ट दिसतो. असे शिंग हे लाइट इन्फन्ट्रीचे (हलक्या पायदळाचे) चिन्ह, आणि जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट बांधली गेली ती १९२२ मध्ये. नावातला हा आकडा १९४५ मध्ये गळाला, म्हणजे हे कापड त्या दरम्यानचे. मुकुटही याला दुजोराच देतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बिल्ल्यांवरील मुकुटाच्या कमानी माथ्यावर दबलेल्या असत. येथे त्या घुमटासारख्या उचललेल्या आहेत, आणि ही घडण तिच्या निधनानंतरची, म्हणजे विसाव्या शतकातली. प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले.

शिवाय हे पलटणीचे मानाचे निशाण नव्हेच. तसे निशाण साधारण पावणेचार फूट लांब व तीन फूट रुंद असते आणि त्यावर लढायांची नावे असतात. हे कापड मात्र शेजारच्या चष्म्याच्या डबीवरून जेमतेम हातभर दिसते, आणि त्याच्या वरच्या कडेला चामड्याचे बंद आहेत. माझ्या मते बँडमधील बिगुलाला बांधून समारंभात मिरवायचा हा पडदा असावा. तेव्हा घरातले कोणी पलटणीच्या बँडमध्ये वाजवत होते काय, हे त्या कुटुंबाने आधी विचारावे. (असे असेल तर वस्तूचे मोल कमी होत नाही, उलट माणसाचा माग लागतो.)

एक विनंती. काळवंडलेले जरीकाम चिंचेने वा लिंबाने उजळायचा मोह कृपया टाळावा, आणि घडी तर मुळीच घालू नये. घडीच्या रेषेवर रेशीम तुटते, हे विणकरांच्या या गावात वेगळे सांगायला नको. धुतलेल्या मलमलीत, जाड नळीवर सैल गुंडाळून ते ठेवावे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे पाठवावीत. आपणही छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त वस्त्र-तंत्रज्ञ, सोलापूर