काका, तुमचा पाना माझ्याकडेच राहिलाय

ती. स्व. काका यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बघत नाही आणि फोनवर मी आभाराचा विषय काढला की "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे जाहीर पत्र. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा कृपा करून मध्येच उठून जाऊ नका. शिवाय मुंबईत जुन्या बोटी सांभाळत बसलेले माझ्यासारखे हौशी बरेच आहेत. माझ्या बोटीचं सुकाणू दुरुस्त करताना तुम्ही मला जे शिकवलंत त्यातलं थोडंफार त्यांच्याही कानावर पडू दे.

बोट बाबांची. 28 फुटी, फायबरची, एक डिझेल इंजिन, एक शाफ्ट, मागे एक सुकाणू आणि चाकं मात्र दोन. एक खाली केबिनमध्ये, दुसरं वर छपरावर. वर बसलं की पाण्यातले बोये, जाळी, नांगरलेल्या होड्या लांबून दिसतात. वारा-पाऊस सुरू झाला की खाली उतरायचं. सोय चांगली, पण गेली दोन-तीन वर्षं दोन्ही चाकं इतकी जड झाली होती की मांडव्याहून परत आले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा उजवा हात वर जायचा नाही.

तरीही मी चालवून घेतलं असतं. चालवून घेणं हा आमच्या घराण्याचा गुणच आहे. पण मे महिन्यात गेटवेसमोर ओहोटीच्या ओढीत मी वरून चाक मारत होते आणि खाली माझा भाचा खालच्या चाकाशी खेळत होता. वरचं चाक फिरलं की खालचं आपोआप फिरायचं, भुताने फिरवल्यासारखं. त्याची बोटं चाकाच्या आऱ्यात अडकली. किंचाळी ऐकून मी हात सोडले, बोट आडवी झाली आणि नांगरलेल्या एका लाँचला हातभर अंतर ठेवून आम्ही वाहत पुढे गेलो. बोटं शाबूत राहिली, नुसती सुजली. त्या रात्री मी ठरवलं की आता काहीतरी करायचं.

तुमच्याआधी एकाने बोट पाहिली होती. चाकाला हातही न लावता त्याने "पॉवर स्टिअरिंग टाकून घ्या" म्हणून आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. बाबांनी अख्खी बोट त्याहून स्वस्तात घेतली होती.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. गोदीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा फिटर, आता घरी बसून कंटाळलाय, एवढीच माहिती. जूनचा पहिला आठवडा होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दारूखाना भागातल्या त्या बोटींच्या यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही कॉटन ग्रीनहून छत्री घेऊन चालत आलात आणि चाकाकडे बघितलंसुद्धा नाहीत. थेट मागच्या डेकचं झाकण उचलून आत उतरलात, चाकांपासून येणाऱ्या दोन्ही केबली सुकाणूच्या आर्मपासून, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या आडव्या दांड्यापासून सोडवल्यात आणि मला म्हणालात, "आता हाताने हलव."

हलेना. केबली सुटल्या होत्या, तरी सुकाणू जागचं हलेना.

तिथेच निम्मा आजार सापडला. सुकाणूचा दांडा जिथून बोटीच्या तळातून वर येतो तिथली ग्लँड, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून पॅकिंग भरून नटाने आवळायची जागा, आवळून आवळून दगड झाली होती. कुणी आवळली असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी तिथून थेंब थेंब पाणी येत होतं म्हणून मीच आवळून घेतली होती, एकदा नव्हे, तीनदा. तुम्ही जुनं वाळलेलं पॅकिंग आकडीने उकरून काढलंत, नवीन भरलंत, नट हातानेच लावून वर जेमतेम पाव फेरा दिलात. सुकाणू दोन बोटांनी फिरायला लागलं. त्या क्षणी तुम्ही "झालं, पैसे द्या" म्हणाला असतात तरी मी दिले असते.

पण तुम्ही केबली तपासल्यात. एक टोक धरून ओढलं तर दुसरं टोक विचार करून मग हलायचं. मी सांगितलं की दर पावसाळ्यात टोकांना ग्रीस लावते. तुम्ही हसलात. "ग्रीस टोकाला, गंज पोटात. ती केबल बंद असते, आत काही जात नाही." मग ग्राइंडरने वीतभर कापून सोलून दाखवलीत. आतली तार गंजून फुगलेली आणि कवचाला चिकटलेली. इतकी वर्षं मी त्या तारेशी कुस्ती खेळत होते.

नव्या केबली टाकायच्या की हायड्रॉलिक करायचं, यावर आपलं दोन कटिंग चहा होईपर्यंत चाललं. मी पैशांकडे बघत होते. तुम्ही एकच मुद्दा धरून बसलात. दोन्ही केबली एकाच आर्मला बांधलेल्या, म्हणजे एक चाक फिरवताना दुसरी केबल आणि दुसरं चाक फुकट ओढावं लागणार. नवीन असतील तोवर हलकं वाटेल, पण भाच्याची बोटं पुन्हा अडकू शकतील. हायड्रॉलिकमध्ये प्रत्येक चाकामागे एक पंप असतो आणि त्याला लॉक व्हॉल्व्ह. एका पंपाने ढकललेलं तेल सुकाणूच्या सिलिंडरकडे जातं, दुसऱ्या पंपात शिरून त्याचं चाक फिरवत नाही. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, पण हा व्हॉल्व्ह असला की राहतात," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात.

हिशेब तुम्ही माझ्या लाइट बिलाच्या पाठीमागे केलात. ते बिल मी जपून ठेवलंय. सुकाणू दोन्ही बाजूंना 35 अंश फिरायला हवं. आर्म 175 मिलिमीटरचा, म्हणून सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे त्याच्या दांड्याची धाव, 200 मिलिमीटर. त्या सिलिंडरमध्ये तेल मावतं साधारण 140 सीसी, पंप एका फेऱ्याला ढकलतो 28 सीसी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकाचे पाच फेरे. मी विचारलं, मोठा पंप घेतला तर फेरे कमी होतील ना? "होतील की. आणि चाक पुन्हा जड होईल. कशासाठी एवढा खटाटोप चाललाय?"

पंप आणि सिलिंडर मागवले. बाकीच्या वस्तूंसाठी आपण नागदेवी स्ट्रीटला गेलो. मी आपली अक्कल चालवून हायड्रॉलिक तेलाचा 68 नंबरचा डबा उचलला, कारण दुकानदार म्हणाला सगळे हेच नेतात. तुम्ही डबा परत फळीवर ठेवलात. क्रेन आणि प्रेसला ते ठीक, हाताच्या चाकाला ते काकवीसारखं वाटेल, आपल्याला 15 नंबर हवं. दुकानदाराने ब्रेक ऑइल पुढे केलं तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. त्याने आतल्या सिलांची वाट लागते, हे तुम्ही त्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलंत. मग टेफलॉन टेप. घरात नळ गळला की आपण पहिली तीच गुंडाळतो, म्हणून मी चार रिळं घेतली होती. तुम्ही ती पिशवीतून काढून खिशात टाकलीत. टेपचा एक तुकडा सुटून तेलात गेला आणि लॉक व्हॉल्व्हमध्ये बसला की व्हॉल्व्ह बंदच होत नाही, म्हणून आट्यांना पातळ सीलंट लावायचं. ती रिळं अजून तुमच्याकडेच आहेत.

नळ्या ओढण्यात तीन रविवार गेले, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताडपत्रीखाली घाम आणि पाऊस दोन्ही गळत होते. नायलॉनची नळी हॅक्सॉने कापू दिली नाहीत, धारदार कटरने सरळ काटकोनात कापायला लावलीत, म्हणजे कीस आत जात नाही. दोन पंपांना जोडणारी तिसरी नळी वरच्या चाकाकडे सतत चढती ठेवायला लावलीत, मध्ये कुठे पोट पडलं की पुन्हा सोडून बांधायची. सिलिंडरजवळ एक बायपास व्हॉल्व्ह बसवलात, कारण उद्या नळी फुटली आणि सुकाणूला हाताचा दांडा लावायची वेळ आली तर सिलिंडरमधल्या तेलाला वाट हवी. मला हे कधीच सुचलं नसतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो हवा काढायचा दिवस. वरच्या पंपाच्या तोंडावर तेलाची बाटली उलटी अडकवलेली, मी वर चाकाशी, तुम्ही मागे खड्ड्यात सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून बसलेले. ताडपत्रीवर पाऊस एवढा वाजत होता की हाक ऐकू येईना. मग तुम्ही पान्याने रेलिंगवर ठोके ठरवलेत. एक ठोका, उजवीकडे फिरव. दोन ठोके, डावीकडे. तीन, थांब. मी फिरवत राहिले आणि बाटलीतून बुडबुडे गडगड वर येत राहिले, तेलाची पातळी उतरत राहिली. दुसरी बाटली, तिसरी बाटली. मग खालच्या चाकाची पाळी. शेवटी तुम्ही मला मागे बोलावून ती नळी दाखवलीत. आधी दुधासारखं पांढरं येणारं तेल आता स्वच्छ, एकसंध येत होतं. चाक टोकाला नेऊन आणखी जोर दिला तर ते घट्ट उभं राहिलं. हवा असती तर रबरासारखं मागे आलं असतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर मी काय केलं? दोन पंपांची दोन झाकणं धुऊन पुसून उलटीपालटी बसवली. खालच्या पंपाला बिनभोकाचं झाकण हवं, श्वास घेणारं झाकण फक्त वरच्याला. मला वाटलं दोन्ही सारखीच. सकाळी खालच्या केबिनमध्ये चाकाखाली तेलाचं तळं आणि बाबांची जुनी सतरंजी त्यात भिजलेली. वरचं सगळं तेल उताराने खाली येऊन त्या भोकातून बाहेर पडलं होतं. फोन करताना माझा आवाज थरथरत होता. तुम्ही फक्त विचारलंत, "सतरंजी कुठली, चांगली होती का?" आणि पुढच्या लोकलने येऊन सगळी हवा पुन्हा काढलीत. त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीत, याचे आभार या पत्रात सगळ्यात आधी मानायला हवे होते.

बोट नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरली. जहाजांचा चॅनेल ओलांडताना मी वरून एका हाताने चाक फिरवलं. खाली भाचा दोन्ही हात चाकावर ठेवून बसला होता, त्याचं चाक हललं नाही. तो जरा नाराज झाला.

बाबांनी वरच्या चाकाच्या मधल्या आरीला लाल दोरा बांधलेला आहे, तुम्हाला माहीत आहे. दोरा वर आला की सुकाणू सरळ, हे त्यांनी मला सहावीत असताना शिकवलं होतं. हायड्रॉलिकमध्ये ते चालत नाही. खालून दोन फेरे मारले की सुकाणू वळतं, वरचं चाक आणि त्यावरचा दोरा जिथल्या तिथे. तुम्ही सुकाणूचा कोन दाखवणारा छोटा काटा दोन्ही चाकांपुढे बसवलात आणि दोरा कापायला ब्लेड काढलंत. मग माझ्याकडे बघून ब्लेड मिटवून खिशात ठेवलंत. दोरा अजून आहे. कधी डावीकडे असतो, कधी खाली.

मजुरीचं पाकीट तुम्ही तीनदा परत केलंत आणि बदल्यात काय मागितलंत, तर जुन्या चाकामागची गंजलेली गिअरपेटी. "उघडून बघायचीय." मिळालं का काही आत?

परवा बोट लाटेवर कलली तेव्हा मागच्या खड्ड्यात काहीतरी खडखडलं. तुमचा पाना निघाला, चाकामागच्या अडचणीत शिरावा म्हणून दांडा कापून आखूड केलेला. पुसून, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलाय. रविवारी दुपारी घेऊन येते. तुम्ही श्रावण पाळता म्हणून या खेपेला नुसता पानाच. बोंबील श्रावण संपल्यावर.

तुमची,
दोन चाकांच्या बोटवाली